कोर्टाचा घटस्फोट, चर्चचा निकाल

१८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र बहुधा व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही दाखवावा लागे. म्हणजे नुसती मारहाण पुरेशी नव्हती! प्रगती वर्गीस खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही अट घटनाबाह्य ठरवली. संसदेला कायदा बदलायला २००१ उजाडलं. परस्परसंमतीने घटस्फोटाची सोयही तेव्हाच आली.

कॅथलिकांपुढे दुसरा उंबरठा उरतोच. चर्च दिवाणी घटस्फोट मानत नाही. मुळात विवाहच वैध नव्हता, असं चर्चच्या न्यायपीठाने ठरवलं तरच सहसा पुन्हा चर्चमध्ये लग्न लागतं. पण तेवढ्याने कायद्यातलं लग्न संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. (गोव्याचा कायदा वेगळा.)