शेततळ्यावरील गळ : पाहुण्यांसाठी गोड्या पाण्यातील मासेमारी

खानदेशास समुद्र नाही. तापी नदी जळगाव व धुळे जिल्ह्यांतून पश्चिमेस वाहत जाते आणि सुरतेजवळ समुद्रास मिळते. समुद्रातील मासेमारीची हौस असणाऱ्या पाहुण्यास गुजरातचा अथवा कोकणचा किनाराच गाठावा लागतो. परंतु गोड्या पाण्याची सोय आपल्याकडे आहे. तापीवरील हतनूर, जळगावजवळील वाघूर यांसारखे जलाशय आहेत आणि गावोगावी शेततळीही झाली आहेत. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारल्यापासून शेतावर पाहुणे उतरविण्याकडे शेतकऱ्यांचे लक्ष वळले आहे. अशा पाहुण्यांसाठी गळाने मासे धरण्याची सोय कोठे व कशी करावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

जलाशय की शेततळे ?

मोठ्या जलाशयातील मासेमारीचा ठेका सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पदरचे पैसे घालून मत्स्यबीज सोडते व त्यावर सभासदांची कुटुंबे चालतात. तिच्या संमतीवाचून तेथे गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरण्यासारखे होय. शिरपूर तालुक्यातील अनेर धरणाचा परिसर तर अभयारण्यात मोडतो. तेथे पाहुण्यांना मासेमारीसाठी पाठवू नये. पावसाळ्यात रोहू, कटला व मृगळ हे मासे नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. त्या दिवसांत अंड्यावर आलेली एक मादी धरली, तर पुढील पिढीतील असंख्य पिल्ले बुडतात. या सर्व कारणांनी स्वतःचे शेततळे हीच पाहुण्यांसाठी सर्वांत योग्य जागा ठरते.

मासे कोणते व किती ?

वरील तिन्ही जाती साचलेल्या तळ्यात आपोआप वीत नाहीत. त्यांचे बीज बाहेरून आणावे लागते. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्गातील माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालावयास लावले. बीजासाठी केवळ नदीवर अवलंबून राहण्याची गरज तेव्हापासून उरली नाही.

कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. त्यामुळे तिन्ही एकत्र सोडल्यास सर्व थरांतील अन्नाचा उपयोग होतो. शेकडा ४० कटला, ३० रोहू व ३० मृगळ हे प्रमाण चांगले. हेक्टरी ५,००० बोटुकली या हिशेबाने ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तळ्यात सुमारे ४५० बोटुकली पुरतात. बारीक जिरे स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत; त्यांतील बरेच मरतात किंवा इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. आठ ते दहा सेंटिमीटरची बोटुकली ऑगस्ट-सप्टेंबरात सोडावी. परदेशी मागूर कोणी फुकट दिला तरी तळ्यात घेऊ नये. त्याच्या पालनास २००० सालापासून बंदी आहे.

प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात मातीतून नैसर्गिक अन्न मिळत नाही. तेथे शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा समभाग मिसळून, माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन ते तीन इतके खाद्य रोज द्यावे.

गळाचा हंगाम

थंड पाण्यात हे मासे कमी खातात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटे गळ टाकून बसण्यापेक्षा दुपारी ऊन चढल्यावर बसावे. फेब्रुवारी व मार्च हे महिने उत्तम. ठेवणीतले मासे असल्यास ऑक्टोबर-नोव्हेंबरही चांगला. आमिषास कणकेचा व पेंडीचा घट्ट गोळा किंवा गांडूळ वापरावे. लहान मासा लागल्यास हात ओले करून गळ हलकेच सोडवावा व मासा पाण्यात परत सोडावा. एप्रिलनंतर पाणी तापते व घटते, प्राणवायू कमी पडतो आणि मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. ती वेळ येण्यापूर्वीच जाळे ओढून उरलेले मासे विकून टाकावेत.

तीन पथ्ये

पहिले, पाण्याचे. केळी वा कपाशीस पाणी देताना तळ्यात निदान पाच फूट पाणी राखावे. तळ्याच्या पाण्यात शेवाळ असते. म्हणून ठिबक संचास ते गाळूनच सोडावे.

दुसरे, औषधाचे. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नये. कपाशीवरील काही कीटकनाशके अत्यल्प प्रमाणातही माशांना मारतात.

तिसरे व सर्वांत महत्त्वाचे, माणसाचे. अस्तराचा उतार ओला झाला की निसरडा होतो व पोहणाऱ्यासही वर चढता येत नाही. भोवती कुंपण घालावे, बसण्यास पक्का ओटा बांधावा आणि चारही बाजूंस गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावेत. फुगविलेली ट्यूब जवळ असावी. मुलांना एकटे सोडू नये.

ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांनी पाहुण्यांची सोय सुरू करू इच्छिणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तळ्यावर स्वतः जावे. कुंपण व दोर आधी पाहावेत, मत्स्यबीजाचा विचार नंतर करावा. पिकासाठी साठविलेले पाणी मासे देईल आणि पाहुण्यास विरंगुळाही देईल. मात्र त्याच्या काठावर आलेला प्रत्येक माणूस सुखरूप घरी परतला पाहिजे.