झाडूच्या दांड्यापासून पिवळ्या जर्सीपर्यंत

रस्त्यावरची सायकल शर्यत हे पुरुषांचे काम, असे युरोपातही वर्षानुवर्षे मानले गेले. हा समज मोडण्यासाठी तिथल्या बायकांना घाट तर चढावे लागलेच, पण त्याहून जास्त दारे ठोठवावी लागली...

१९२४ सालचा मे महिना. इटलीच्या डोंगराळ भागातून, लाक्विला ते पेरुजिया अशा २९६ किलोमीटरच्या टप्प्यावर ‘जिरो द’इटालिया’ ही देशभरची सायकल शर्यत चालली होती. पाऊस, वारा आणि चिखल! रस्ता म्हणण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते. घसरून, पडून, उठून पुढे निघालेल्या एका स्पर्धकाचे हँडल मोडले. शर्यतच सोडायची वेळ आली होती. पण झाडूचा दांडा मोडून तो हँडलच्या जागी बांधला आणि ती पुढे निघाली, अशी हकीकत इटलीत आजही सांगतात.

हो, ‘ती’च. तिचे नाव आल्फोन्सिना स्त्रादा.

शेतमजुराच्या घरात १८९१ साली जन्मलेली ही मुलगी. ती दहा वर्षांची असताना वडिलांनी कोंबड्या देऊन एक जुनीपानी सायकल घरी आणली आणि पोरीला तिचे वेडच लागले. गावातल्या बायका नाके मुरडायच्या. लग्न झाले की डोके ठिकाणावर येईल, असे घरच्यांना वाटत होते. १९१५ साली लग्न झालेही. पण नवरा लुइजी भलताच निघाला. त्याने लग्नाची भेट म्हणून बायकोला शर्यतीची नवी सायकल दिली! लग्नात सायकल मिळणे आपल्याकडेही नवे नव्हते म्हणा, पण आपल्याकडे ती नवऱ्या मुलाच्या वाट्याला यायची.

१९२४ साली पैशांवरून संयोजकांशी बिनसल्याने मोठमोठ्या सायकलपटूंनी ‘जिरो’वर बहिष्कार टाकला होता. संयोजक वर्तमानपत्राला गर्दी खेचणारे काहीतरी हवेच होते. आल्फोन्सिनाचा अर्ज स्वीकारला गेला. यादीत मात्र नावाचा शेवटचा स्वर गाळून ‘आल्फोन्सिन’ असे छापले. बाई की बुवा, याचा वाचणाऱ्याने हवा तो अर्थ घ्यावा!

पेरुजियाला ती पोचली तेव्हा ठरलेली वेळ उलटून गेली होती. नियमाप्रमाणे ती बाद झाली. पण तोवर रस्त्याच्या कडेला लोक तिलाच बघायला थांबू लागले होते. संयोजकांनी तोडगा काढला: निकालात नाव नाही, पण पुढे चालवायला हरकत नाही. १२ टप्पे आणि ३,६१३ किलोमीटरच्या त्या शर्यतीला ९० जण निघाले होते. मिलानला अधिकृतपणे पोचले ३०. आणि त्यांच्याबरोबर निकालात नसलेली आल्फोन्सिना. त्यानंतर पुरुषांच्या ‘जिरो’त बाई कधीच उतरली नाही. तिला पुन्हा परवानगी मिळाली नाही.

<b>ज्येष्ठमधाची गोळी</b>

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या बेरिल बर्टनची गोष्ट आणखी वेगळी. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळलेली ही मुलगी पुढे भाजीच्या मळ्यात राबून, घर सांभाळून शर्यती मारू लागली. व्यावसायिक वगैरे काही नाही. पगार मळ्यातला, हौस सायकलची. तरी १९६० आणि १९६७ साली रस्त्यावरच्या शर्यतीचे जागतिक विजेतेपद तिने मिळवले. इंग्लंडमधली वर्षभरातील सर्वोत्तम महिला सायकलपटू हा किताब तर १९५९ पासून सलग २५ वर्षे दुसऱ्या कोणाला मिळालाच नाही.

१९६७ साली बारा तासांत कोण किती अंतर तोडतो, अशी एक शर्यत होती. पुरुषांत माइक मॅक्नमारा नवा राष्ट्रीय विक्रम करण्याच्या मार्गावर होता. त्याच्या मागून निघालेल्या बेरिलने त्याला गाठले. नुसतेच पुढे जाणे तिला बरे वाटेना, म्हणून खिशातली ज्येष्ठमधाची गोळी काढून तिने त्याच्यापुढे धरली. त्यानेही ती घेतली. बेरिल पुढे निघून गेली. दिवसअखेर तिचे अंतर भरले २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर. मुंबईहून निघून कोल्हापूर ओलांडावे आणि बेळगावच्या वाटेला लागावे, एवढे! मॅक्नमाराने पुरुषांचा विक्रम केला खरा, पण तो बेरिलच्या मागेच राहिला. पुढची दोन वर्षे हा पुरुषांचाही उच्चांक एका बाईच्या नावावर होता. महिलांमध्ये तर तो २०१७ पर्यंत टिकला.

बाई हट्टी होती, हेही सांगायला हवे. १९७६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तिच्या पोटच्या लेकीने, डेनिसने, तिला हरवले, तेव्हा बक्षीस समारंभात आईने लेकीशी हात मिळवला नाही! १९९६ साली सायकल चालवत असतानाच तिचे हृदय थांबले. स्वतःच्या ५९ व्या वाढदिवसाची आमंत्रणे द्यायला ती निघाली होती.

<b>टूरचे दार उघडते... आणि मिटते</b>

सायकल शर्यतींची पंढरी म्हणजे फ्रान्समधली ‘टूर द फ्रान्स’. १९०३ पासून पुरुषांसाठी भरणाऱ्या या शर्यतीत रोजच्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी चढते. घाटात पराक्रम गाजवणाऱ्याला लाल ठिपक्यांची जर्सी. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ तो हाच!

महिलांसाठी १९५५ साली पाच दिवसांची एक शर्यत भरली आणि विसरली गेली. खरी सुरुवात झाली १९८४ साली. पुरुषांच्याच मार्गावर, त्यांच्या काही तास आधी, १८ टप्प्यांची महिलांची टूर. बायका पॅरिसपर्यंत टिकायच्या नाहीत, अशी भाकिते जाणकारांनी केली होती. ती सगळी खोटी ठरली. अमेरिकेची मारियान मार्टिन जिंकली आणि पॅरिसमध्ये पुरुष विजेत्या लोराँ फिन्याँच्या शेजारी उभी राहिली. छायाचित्रात दोघे बरोबरीचे दिसतात. बक्षिसात मात्र मारियानला मिळाले सुमारे एक हजार डॉलर, आणि तेही संघातल्या मुलींबरोबर वाटून घ्यायचे.

१९८५ आणि ८६ ची टूर इटलीच्या मारिया कानिन्सने जिंकली. ही आधी बर्फावरच्या स्कीइंगमधली नामवंत खेळाडू. एका मुलीची आई झाल्यावर, तिशी उलटल्यावर सायकलकडे वळली. पुढची तीन वर्षे फ्रान्सच्या जानी लोंगोची. आणि १९८९ नंतर ही टूर बंद! दुसऱ्या संयोजकांनी दुसऱ्या नावांनी चालवलेल्या शर्यती कशाबशा रेटल्या जात होत्या. ‘टूर’ हे नावही वापरायला मिळेना. २००९ साली त्या शर्यतीनेही, चार दिवसांपुरती उरून, मान टाकली.

मग खेळाडूच उठल्या. २०१३ साली हॉलंडची मारियाने फोस, इंग्लंडची एमा पूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टूरच्या संयोजकांकडे मागणी केली. तिच्यावर सुमारे एक लाख सह्या झाल्या. २०१४ मध्ये पदरात पडली ती एका दिवसाची शर्यत. काही फ्रेंच महिला २०१५ पासून दरवर्षी पुरुषांच्या आदल्या दिवशी टूरचा पूर्ण मार्ग स्वखुशीने सायकलवरून पार करू लागल्या. अखेर २०२२ च्या जुलैत आयफेल टॉवरपासून आठ टप्प्यांची ‘टूर द फ्रान्स फॅम’ सुरू झाली. मधे तेहतीस वर्षे गेली होती.

<b>गणिताच्या बाईंचा डाव</b>

ही शर्यत एकटीची वाटते, पण असते संघाची. सहा-सात जणींच्या संघात जिंकायचे ते एकीने. बाकीच्यांनी तिच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, पाण्याच्या बाटल्या आणायच्या, तिची सायकल पंक्चर झाली तर आपली काढून द्यायची. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवले की जवळपास तिसरा हिस्सा श्रम वाचतात. म्हणूनच एकटीने पुढे निघून जाणे हा या खेळातला सर्वांत मोठा जुगार.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ ला ऑस्ट्रियाच्या आना कीझेनहोफरने तो खेळला. गणितातली डॉक्टरेट आणि विद्यापीठातली नोकरी. व्यावसायिक संघाशी करार नाही. आपल्या देशाची ती एकटीच स्पर्धक. १३७ किलोमीटरच्या शर्यतीत ती सुरुवातीलाच काही जणींबरोबर पुढे सटकली आणि शेवटी एकटी उरली. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ लावायला परवानगी नसते. मागच्या मातबर मंडळींनी पुढच्या दोघींना गाठले आणि सगळ्यांना मागे टाकले अशी समजूत करून घेतली. आनाचा कुणाला पत्ताच नव्हता! हॉलंडची आनेमिक फान फ्लूटन रेषेवर हात उंचावून आली. सुवर्ण आपले, असे तिला वाटले होते. ते रौप्य निघाले.

पण आनेमिकही साधी नव्हे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आघाडीवर असताना उतारावर पडून तिच्या पाठीचे मणके मोडले होते. टोकियोतल्या फजितीनंतर तीनच दिवसांत तिने वेळेविरुद्धच्या शर्यतीत सुवर्ण जिंकले. आणि २०२२ च्या पहिल्या नव्या टूरमध्ये सुरुवातीचे दिवस पोट बिघडून बेजार झालेली असताना, सातव्या टप्प्यावर साठेक किलोमीटर एकटीने डोंगर तुडवत तिने साऱ्यांना तीन मिनिटांहून जास्त मागे टाकले. तेव्हा वय वर्षे ३९!

<b>चार सेकंद</b>

२०२४ ची टूर मात्र बघणाऱ्यांच्या कायमची लक्षात राहील. हॉलंडची डेमी फोलरिंग आदल्या वर्षीची विजेती. पिवळी जर्सी तिच्याच अंगावर होती. १५ ऑगस्टला पाचव्या टप्प्यात, शेवट अवघा सहा किलोमीटरवर असताना घोळका कोसळला. डेमी पडली. संघातल्या सोबतिणी मागे थांबल्या नाहीत. उलट तिच्याच संघाच्या ब्लांका वाशने तो टप्पा जिंकला. पुढच्यांना मागे काय घडले ते कळले नाही की कळूनही वळले नाही, यावर पुढे बराच काथ्याकूट झाला. पिवळी जर्सी गेली पोलंडच्या कासिया न्येव्यादोमाकडे.

कासिया म्हणजे नेहमी थोडक्यात हुकणारी. २०२२ मध्ये तिसरी, २०२३ मध्ये तिसरी. रस्त्यावरच्या शर्यतीत तिने जवळजवळ पाच वर्षे एकही विजय पाहिला नव्हता. तो दुष्काळ २०२४ च्या एप्रिलमध्ये संपला होता, इतकेच.

१८ ऑगस्टचा अखेरचा टप्पा २१ वळणांच्या आल्प द्युएझ घाटावर संपणार होता. डेमीला भरून काढायचे होते १ मिनिट १५ सेकंद. तिने आधीच्याच ग्लाँदों घाटात, पन्नासाहून अधिक किलोमीटर शिल्लक असताना धडक मारली. कासिया मागे पडली. एकेक सेकंदाचा हिशेब रस्त्यावर होऊ लागला. डेमी टप्पा जिंकली; त्याची १० सेकंदांची सूटही तिला मिळाली. आता कासिया किती वेळात येते, एवढेच. कासिया आली ६१ सेकंदांनी. ७५ मधून १० वजा, ६१ वजा. उरले ४ सेकंद. चोवीस तासांहून अधिक सायकल चालवून, शेवटी चार सेकंद! पुरुषांच्या शंभराहून अधिक टूर धरल्या तरी याहून कमी फरक कधी पडलेला नाही. तिथला नीचांक १९८९ चा, आठ सेकंदांचा.

<b>दगड, पैसा आणि पाळणा</b>

पैशाचे काय? २ ऑक्टोबर २०२१ ला महिलांची पहिली ‘पारी-रुबे’ झाली. खडबडीत दगडी रस्त्यांवरची ही शर्यत. विजेत्याला रस्त्यातलाच एक दगड बक्षीस देतात. पावसाने चिखल झालेला असताना इंग्लंडची लिझी डाइग्नन ८० हून अधिक किलोमीटर एकटी चालवत जिंकली. तिच्या हँडलवर रक्ताचे डाग होते. बक्षिसाची रक्कम १,५३५ युरो. दुसऱ्या दिवशी पुरुष विजेत्याला ३०,०००! लाज वाटून म्हणा, तिच्या संघाने वरची रक्कम स्वतः भरली.

लिझी तेव्हा तीन वर्षांच्या मुलीची आई होती. ती गरोदर असतानाच या संघाने तिच्याशी करार केला होता. एरवी बाळाची चाहूल लागली की खेळाडूचा करार संपायचा. २०२० पासून वरच्या श्रेणीतल्या संघांना किमान पगार बांधून दिला गेला, आधी वर्षाला १५,००० युरो, आणि बाळंतपणाची रजाही: तीन महिने पूर्ण पगार, पुढे पाच महिने अर्धा. ही सक्ती वरच्या संघांना. खालच्या लहान संघांतल्या कित्येक मुली अजून दुसरी नोकरी करून खेळतात. टूरच्या पुरुष विजेत्याला पाच लाख युरो मिळतात, स्त्रीला पन्नास हजार. तिथे २१ टप्पे आणि इथे ९, हे कारण पुढे केले जाते. पण दहापट फरक त्याने काही भरून निघत नाही.

२०२५ ची टूर फ्रान्सच्याच पॉलिन फेराँ-प्रेव्होने जिंकली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलिंगचे सुवर्ण घेऊन ती रस्त्यावर परतली होती. १९८९ च्या जानी लोंगोनंतर फ्रेंच बाईच्या अंगावर पहिल्यांदाच अखेरची पिवळी जर्सी आली. तिथले पुरुष १९८५ पासून वाट पाहत आहेत! पण शर्यतीआधी वजन बरेच उतरवल्याचे पॉलिनने स्वतःच सांगितले आणि नवी चर्चा सुरू झाली. घाट चढायला हलके अंग लागते. मग तरुण मुली उपाशी राहून शरीराची हानी करून घेणार नाहीत ना? डेमी फोलरिंगनेही ही काळजी उघड बोलून दाखवली.

त्याच टूरमध्ये काही दिवस पिवळी जर्सी होती मॉरिशसच्या किंबर्ली ल कोर हिच्याकडे. आपल्या कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांची वंशज मंडळी जिथे राहतात, तेच हे छोटे बेट. आफ्रिकेतल्या स्त्रीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. युरोपात एकदा जम न बसल्याने ती दक्षिण आफ्रिकेत परतून डोंगरी सायकल चालवत होती. २०२४ मध्ये एका बेल्जियन संघाने तिला पुन्हा बोलावले, तेव्हा तिने २८ वर्षे पुरी करत आणली होती.