नायट्याची बुरशी आणि सुगंधी तेलांची कसोटी

नायटा किंवा गजकर्ण हा बुरशीचा रोग. ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम आणि एपिडर्मोफायटॉन या प्रजातींतील बुरशा त्वचा, केस आणि नखे यांतले केराटिन हे प्रथिन पचवून जगतात. भारतात अलीकडे पसरलेली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही जाती टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला पुष्कळदा दाद देत नाही. त्यामुळे वनस्पतींच्या सुगंधी तेलांची तपासणी महत्त्वाची ठरते; पण ती काटेकोर हवी.

तेल काढण्यासाठी क्लेव्हेंजर उपकरण वापरतात. पाने पाण्यात उकळली की वाफेबरोबर तेल वर येते आणि थंड होऊन मापाच्या नळीत पाण्यावर तरंगते. लवंगेचे तेल मात्र पाण्याहून जड असल्याने तळाशी बसते. गवती चहात मुख्य घटक सिट्रल, लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल. हंगाम आणि वाण बदलला की हे प्रमाण बदलते, म्हणून घटकांचे पृथक्करण केल्याशिवाय नुसत्या ‘ओव्याच्या तेला’ला शास्त्रात फारसा अर्थ नाही.

बुरशी मिळते रुग्णाच्या चट्ट्याच्या कडेवरून, कारण तिथेच ती जोमात असते. खरवडून काढलेले खवले बशीतल्या साबूरो आगार या वाढमाध्यमावर 25 ते 30 अंश सेल्सिअसला ठेवले तरी वाढ दिसायला चार आठवडेही लागतात. ट्रायकोफायटॉन रुब्रम वरून कापसासारखी पांढरी दिसते. बशी उलटली की तळाशी बहुधा कोकमासारखा गडद लाल रंग.

तेलात भिजवलेली कागदी चकती बुरशी पेरलेल्या आगारवर ठेवून भोवतीचे मोकळे वर्तुळ मोजणे, ही सर्वांत सोपी पद्धत आणि सर्वांत फसवीही. आगार पाणीदार असतो आणि तेल त्यात नीट पसरत नाही. त्यामुळे लहान वर्तुळ म्हणजे दुबळे तेल, असे म्हणता येत नाही.

अधिक भरवशाची पद्धत 96 खळग्यांच्या पट्टीची. खळग्यागणिक तेलाचे प्रमाण निम्मे करत जायचे. ज्या सर्वांत कमी प्रमाणात वाढ थांबते, ते किमान रोधक प्रमाण. तेल पाण्यात मिसळावे म्हणून ट्वीन-80 घालतात. ट्वीननेच बुरशी अडत नाही ना, हे पाहायला एका खळग्यात तेलाविना नुसते तेच ठेवावे लागते. शिवाय तेल उडून शेजारच्या खळग्यात जाते, म्हणून पट्टी घट्ट झाकावी लागते. शेवटी स्वच्छ दिसणाऱ्या खळग्यातला थेंब ताज्या आगारवर घालतात. तिथे पुन्हा वाढ झाली, तर बुरशी मेली नव्हती, नुसती थोपली होती.

ही तेले प्रामुख्याने पेशीपटलावर घाव घालतात. पटल विस्कळीत झाले की आतील द्रव्ये बाहेर पाझरतात. पण बशीत केराटिनचे थर नसतात, घाम नसतो, घर्षण नसते. म्हणून खरी कसोटी रुग्णांवरच लागते. ऑस्ट्रेलियात 1992 साली पायाच्या बुरशीवर टी ट्री तेलाचे 10 टक्के मलम तपासले गेले. खाज-खवले कमी झाले, पण बुरशी नाहीशी झाली ती 30 टक्के रुग्णांत. औषधाविना मलम लावलेल्यांत हे प्रमाण 21 टक्के होते आणि टॉल्नाफ्टेट हे बुरशीनाशक औषध लावलेल्यांत 85. पुढे 2002 मध्ये 25 व 50 टक्के द्रावणे तपासली गेली; 50 टक्के द्रावण लावलेल्यांत 64 टक्के रुग्ण बुरशीमुक्त झाले, तेलाविना द्रावण लावलेल्यांत 31 टक्के. त्या चाचणीत तेल लावलेल्या चौघांच्या त्वचेचा मात्र दाह झाला.