झाकणाचं माप

"पंपाला दोन झाकणं टाक," बाबा सांगत. सुलतानपुरात फवारणीचं माप हेच. एका वर्षी नव्या बाटलीचं झाकण मोठं निघालं आणि आमच्या सोयाबीनची पानं करपली. म्हणून मी वर्गात संहतीचा धडा पंपापासूनच सुरू करतो. २ टक्के युरिया म्हणजे १०० लिटरला २ किलो. १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. नुसतं 'किती टाकलं' सांगून भागत नाही, किती पाण्यात तेही सांगावं लागतं. पिण्याच्या पाण्यात टक्के फार मोठे पडतात. तिथे पीपीएम, लिटरमागे मिलिग्रॅम. फ्लोराइड १ च्या आत हवं, नाइलाजानं १.५.

मग पोरांना लोणारला नेतो. सरोवराचा सामू १० च्या आसपास. ७ पासून तीनच पायऱ्या, पण प्रत्येक पायरी दहापट. म्हणजे शुद्ध पाण्याच्या हजारपट हायड्रॉक्साइड! जून २०२० मध्ये पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तळं गुलाबी केलं. वरून कुणी मीठ टाकलं नव्हतं.

घरी गेल्यावर बशीत मिठाचं पाणी उन्हात ठेवा, दर तासाला बघा, असं सांगतो.