आठ दिवसांचा थेंब

अल्झेट या शरीरात औषध सोडणाऱ्या पंपाच्या एका प्रचलित नमुन्याचा वेग ताशी ०.२५ मायक्रोलिटर आहे. एक थेंब ५० मायक्रोलिटरचा धरला, तर तेवढं औषध बाहेर यायला आठ दिवसांहून जास्त लागतात. पंप जेमतेम तीन सेंटिमीटर लांब. उंदराच्या पाठीवर कातडीखाली तो बसवतात आणि तिथे तो २८ दिवस चालतो. त्याला बॅटरी नाही, मोटर नाही, बाहेरून जोडलेली तारही नाही.

सगळं काम मिठाचं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. इथे ते पाणी प्राण्याच्या ऊतींमधून येतं. सर्वांत आत औषधाची लवचिक पिशवी, तिच्याभोवती मिठाचा थर आणि बाहेर फक्त पाणी आत येऊ देणारा ताठ पडदा. मीठ पाणी ओढून फुगतं. पडदा ताठ असल्याने फुगायला जागा आतच मिळते, पिशवी दाबली जाते आणि औषध बारीक नळीतून बाहेर पडतं. या रचनेचं खरं मोठेपण मला यात दिसतं की, वेग पडदा ठरवतो, औषध नव्हे. लहानसा रेणू असो की भलंमोठं प्रथिन, गती तीच.

ऑस्ट्रेलियातल्या रोझ आणि नेल्सन यांनी १९५५ साली असा पंप मांडला, तो गुरामेंढ्यांसाठी. त्यात पाण्याचा कप्पाही सोबत असे. पुढे कॅलिफोर्नियातल्या अल्झा कंपनीत फेलिक्स थीउव्स या बेल्जियन वंशाच्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी तो प्रयोगशाळेतल्या छोट्या प्राण्यांच्या मापाचा केला.

त्याची गरज का पडली, हे अँजिओटेन्सिन-२ वरून कळतं. रक्तदाब वाढवणारं हे संप्रेरक रक्तात मिनिटाच्या आत निम्मं होतं. दिवसातून दोनदा टोचलं तर उरलेला सगळा वेळ प्राण्याच्या अंगात ते जवळपास नसतंच. मग परिणाम दिसला नाही, तर दोष औषधाचा की वेळापत्रकाचा? शिवाय प्रत्येक इंजेक्शनला उंदराला पकडावं लागतं आणि त्या भीतीनेच त्याचा रक्तदाब चढतो. ॲलन डॉहर्टी यांच्या गटाने २००० साली एक जनुक नसलेल्या उंदरांना पंपातून हे संप्रेरक सलग दिलं, तेव्हा त्यांच्या पोटातल्या महाधमनीला फुगा आला. या आजाराच्या संशोधनात ती पद्धत आजही वापरतात.

पंपात औषध भरताना मात्र घाई चालत नाही. बोथट टोकाच्या सुईने सावकाश भरायचं, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला तर प्रवाह बिघडतो. पंप रिकामा आणि भरलेला असा दोनदा तोलायचा. वजनातल्या फरकावरून किती औषध भरलं ते कळतं. मग ३७ अंशांच्या निर्जंतुक सलाइनमध्ये काही तास, काही नमुने त्याहूनही जास्त वेळ बुडवून ठेवायचे, म्हणजे कातडीखाली जाईपर्यंत प्रवाह स्थिर होतो.

एकदा टाके पडले की मात्रा बदलता येत नाही. थांबवायचं तर पंपच काढावा लागतो. शरीराच्या उबेत आठवडाभरात विघटन होणारं औषध या पंपात घालणं व्यर्थ, कारण पंप तेही इमानाने ढकलत राहतो. मुदत संपल्यावर पंप आतच राहिला तर फुगून खारं पाणी गळू शकतं आणि भोवतालच्या ऊतींना त्रास होतो, म्हणून तो वेळेत काढायचा. काढल्यावर उरलेलं औषध सिरिंजने ओढून मोजायचं आणि मधल्या काळात घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांतली पातळी त्याच्याशी पडताळून पाहायची.