धूळपाटीवरचं गाव

पुणे-सोलापूर महामार्गावरून गाडी भरधाव निघाली, की मोडनिंब बघता बघता मागे पडतं. पण गावाला रेल्वे स्टेशन आहे, कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गावरचं. या मार्गावर पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी धावायची. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली. ती गाडी पाहिलेली, तिच्यातून वारीला गेलेली माणसं आजही आसपासच्या वाड्यावस्त्यांवर भेटतात. त्यांच्या आठवणी लिहून कोण ठेवणार? माझ्या मते हे काम आठवीच्या वर्गाचं आहे, आणि त्यासाठीचं साधन फुकट उपलब्ध आहे.

ते साधन म्हणजे विकी. अनेकांनी मिळून लिहायचं, कुणीही दुरुस्त करू शकेल असं संकेतस्थळ. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये पहिलं विकी सुरू केलं. हवाई बेटांवरच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. विकिपीडिया २००१ मध्ये आला आणि मराठी विकिपीडिया २००३ मध्ये. मराठी लिहिणाऱ्यांनी तिथे शब्द मात्र आपल्या गावातले नेले. सर्वांनी बोलायची जागा ती 'चावडी', आपोआप काम करणारी आज्ञावली ती 'सांगकाम्या', आणि सरावाचं पान ती 'धूळपाटी'. पूर्वीच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून मुलं अक्षर गिरवत. चुकलं की हात फिरवायचा, पाटी पुन्हा कोरी.

विकीच्या पानात मात्र पुसलेलंही राहतं. 'इतिहास' या कळीवर टिचकी मारली, की कुणी, कोणत्या दिवशी, कोणतं वाक्य बदललं ते ओळीने दिसतं. शिक्षकासाठी ही सोन्यासारखी गोष्ट आहे. समजा, एका मुलीने लिहिलं, 'छोटी गाडी बऱ्याच वर्षांपूर्वी बंद झाली, असं आजोबा म्हणतात.' दुसऱ्याने त्याजागी साल घातलं. तिसऱ्याने चर्चापानावर विचारलं, 'हे साल कुठून आणलंस?' आता वर्गाला उत्तर शोधावं लागतं. घरातलं जुनं तिकीट, स्टेशनवरचा फलक, वाचनालयातलं पुस्तक. भांडण साल कोणतं यावरून सुरू होतं आणि पुरावा कशाला म्हणायचं इथे येऊन थांबतं. पाठ्यपुस्तकातला इतिहास सहसा हा अनुभव देत नाही, कारण तिथे सालं आधीच ठरलेली असतात.

एक अडचण इथे समजून घ्यायला हवी. विकिपीडियाला प्रकाशित, तपासता येईल असा संदर्भ लागतो. नुसत्या आजोबांच्या सांगण्यावर वाक्य टिकत नाही. तिथे 'संदर्भ हवा' अशी खूण लागते. म्हणून वर्गाची दोन पानं असावीत. शाळेच्या स्वतःच्या विकीवर आठवणी जशाच्या तशा, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन. विकिपीडियावर फक्त पुराव्याला धरून असलेल्या चार ओळी. विश्वकोशातला उतारा उचलून चिकटवायचा नाही, तो प्रताधिकाराचा भंग आहे. मुलांची खरी नावं, फोटो, घरचे पत्तेही टाकायचे नाहीत.

मोडनिंबच्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोडमुळे धड्यातली कविता आणि चित्रफीत मुलापर्यंत आली. मला पुढची पायरी महत्त्वाची वाटते: मुलाने लिहिलेलं जगापर्यंत जावं.

प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल असण्याची गरज नाही. चार मुलांचा गट, एक फोन, आधी वहीत कच्चं लिखाण, मग मराठी बोलून टंकन. रेंज नसलेल्या शाळेत 'किविक्स' या मोफत ॲपवर विकिपीडिया उतरवून ठेवता येतो, म्हणजे वाचण्यापुरतं नेट लागत नाही. शिक्षकाने मात्र एक जपावं. गुण पानाच्या देखणेपणाला देऊ नयेत. चर्चापान वाचावं, कुणी कुणाला काय विचारलं, चूक दाखवल्यावर कोण रागावलं, कोणी मान्य केली, ते पाहावं. शिकणं तिथे दिसतं.

मोडनिंबच्या आसपासच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. एखादं पोर वही घेऊन दारात आलं आणि छोट्या गाडीबद्दल विचारू लागलं, तर त्याला अर्धा तास द्या. ट्रंकेत जुनं तिकीट असेल, तर तेही काढून दाखवा.