गॅदरिंगचा पोशाख वयाला शोभेल असाच हवा

थंडी पडू लागली की कन्हेरीपासून बारामतीपर्यंत शाळाशाळांतून गॅदरिंगचे वारे वाहू लागतात आणि आयांच्या शिंप्याकडे खेपा सुरू होतात. ‘नटरंग’ (२०१०) आल्यापासून तर लावणीला फारच मागणी! मुलीने लावणी जरूर नाचावी. पण आठ वर्षांच्या पोरीला पाठ उघडी टाकणारा, अंगाला आवळणारा ब्लाऊज कशाला?

शिवलेली नऊवारी घोट्याच्या वर दोन बोटे असू द्या, म्हणजे पायात येणार नाही. आत सुती लेगिंग हवीच. ब्लाऊज कोपरापर्यंत बाह्यांचा शिवावा. आतून मऊ अस्तर लावले की जर टोचत नाही, आणि शिवणीत माया सोडली तर पुढच्या वर्षीही चालतो. पदराला टाचण्यांऐवजी चार टाके घाला. पोशाख भाड्याचा असला तरी घरी एकदा मुलीला पूर्ण नाच करायला लावा. सारखी ब्लाऊज ओढत असेल, तर तिला काय खुपते ते विचारा.

असे वाद परदेशातही झाले. कॅटरिना विटच्या तोकड्या पोशाखावरून १९८८ साली गहजब झाला आणि बर्फावरच्या स्केटिंगमध्ये बायकांना स्कर्ट सक्तीचा झाला. पँटची मुभा मिळाली ती २००४ मध्ये. पण विट जाणती होती, स्वतःचे ठरवू शकत होती. आपली चिमुरडी बाईंपुढे ‘नको’ म्हणायलाही धजत नाही.

‘सगळ्यांचा सारखाच हवा,’ असे बाई म्हणाल्या, तर दोघीतिघी आयांनी मिळून शाळेत जावे, पण कापड फाडण्यापूर्वी!